‘रन’चे सगळे अर्थ पाठ न करता कसे शिकावेत

गाडी धावते, नाक गळतं, दुकान चालतं, कपड्याचा रंग जातो, दूध संपतं, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. मराठीला इथे सहा वेगवेगळी क्रियापदं लागली. इंग्रजीत या सहाही ठिकाणी ‘रन’ हा एकच शब्द सहज चालतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढे सुधारित आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ने त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून ‘रन’चे तब्बल ६४५ अर्थ मोजले गेल्याच्या बातम्या २०११ मध्ये आल्या. आकडा ऐकून घाबरू नका. त्यातले कितीतरी अर्थ जुने किंवा एखाद्या धंद्यापुरते असतात. रोजच्या बोलण्यात येणारे मूठभर अर्थ नीट हाताळता आले, की पुस्तकं, बातम्या आणि ऑफिसातले मेल बिनघोर वाचता येतात. फक्त ते यादी करून पाठ करायचे नाहीत. प्रत्येक वाक्याला दोन-तीन प्रश्न विचारून अर्थ काढायचा.

आधी कर्त्याकडे बघा

वाक्यात ‘रन’ दिसला की पहिला प्रश्न: कोण? कर्ता माणूस किंवा जनावर असेल, तर बहुधा पळणं. गाडी किंवा यंत्र असेल, तर चालणं. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ हे वाक्य मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही, कारण फलाटावरच्या घोषणेतली लोकलही ‘उशिराने धावत’ असते.

कर्ता पातळ पदार्थ किंवा तो जिथून येतो ती जागा असेल, तर वाहणं. ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ चालू आहे, ‘माय नोज इज रनिंग’ म्हणजे नाक गळतंय, ‘द कलर रॅन’ म्हणजे धुताना रंग गेला. विहीर आटली तर ‘द वेल हॅज रन ड्राय’. हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो, पण तो मुळातलाच आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘रिनन’ या क्रियापदात पळणं आणि वाहणं दोन्ही होतं. त्याचा जर्मन भाऊ ‘रिनेन’ आजही वाहण्यासाठीच वापरतात.

कर्ता रस्ता असेल, तर तो कुठून कुठे जातो हे कळतं: ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता नदीच्या कडेने जातो. अभ्यासक्रम किंवा करार असेल, तर मुदत. आणि परदेशात डॉक्टरने ‘डझ डायबेटिस रन इन युअर फॅमिली?’ असं विचारलं, तर घरात मधुमेह कुणाकुणाला आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

मग पुढे कर्म आहे का ते पाहा

मराठीत दुकान ‘चालतं’ आणि मालकीण ते ‘चालवते’. क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीत ‘द शॉप रन्स वेल’ आणि ‘शी रन्स अ शॉप’, रूप तेच. याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत ‘पळणे’ आणि ‘पळवणे’ यांसाठी दोन वेगळी क्रियापदं होती. कालांतराने ती एकमेकांत मिसळली आणि दोघांचं काम एकट्या ‘रन’कडे आलं. हे लक्षात ठेवलंत तर कोशातले कितीतरी ‘वेगळे’ अर्थ जोडीजोडीने उलगडतात: यंत्र चालतं, यंत्र चालवतो. पाणी वाहतं, पाणी सोडतो.

काही जोड्या मात्र जशाच्या तशा लक्षात ठेवाव्या लागतात, तिथे तर्क पुरत नाही. ‘रन अ टेस्ट’ म्हणजे चाचणी घेणं. ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणं. वर्तमानपत्र ‘रन्स अ स्टोरी’ म्हणजे बातमी छापतं. ‘ही इज रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे त्याला ताप आहे. निवडणुकीसाठी अमेरिकेत ‘रन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये मात्र उमेदवार ‘स्टँड’ होतो, थेट आपल्या ‘उभा राहतो’सारखा.

मागून येणारा छोटा शब्द

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या. ‘रन आउट’ घ्या. क्रिकेटमुळे ही जोडी आपल्या कानात पक्की बसली आहे, आणि तीच आडवी येते.

‘ही वॉज रन आउट’: तो धावबाद झाला.
‘ही रॅन आउट’: तो धावत बाहेर गेला.
‘ही रॅन आउट ऑफ मनी’: त्याच्याकडचे पैसे संपले.
‘हिज मनी रॅन आउट’: त्याचे पैसे संपले.

पहिल्या वाक्यातला ‘वॉज’ सगळं काम करतो, तो काढला तर फलंदाज थेट दाराबाहेर जातो. शेवटच्या दोन वाक्यांचा अर्थ एकच, पण बांधणी निराळी. मराठीत संपतात ते पैसे. माणूस ‘पैशातून संपत’ नाही. म्हणून चौथी रचना आपल्याला सोपी जाते आणि तिसरी जमत नाही. नियम साधा आहे: कर्ता माणूस असेल आणि पुढे संपणाऱ्या वस्तूचं नाव येत असेल तर ‘ऑफ’ हवाच, कर्ता संपणारी वस्तू असेल तर ‘ऑफ’ नको. घरातल्या वस्तूंवर सराव करा. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’, ‘द शुगर हॅज रन आउट’. साखर, गॅस, चहापत्ती, मोबाइलचा डेटा, प्रत्येकाची दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

‘रन इनटू’मध्ये पुढचं नाम अर्थ ठरवतं. पुढे मित्र असेल तर अचानक गाठ पडली, झाड असेल तर गाडी धडकली, अडचण असेल तर अडचणीत सापडलो, ‘लाख’ असेल तर खर्च लाखांत गेला. ‘रन ओव्हर’ जपून वापरा. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’ म्हणजे बैठक लांबली, पण ‘द बस रॅन ओव्हर अ डॉग’ म्हणजे कुत्रा बसखाली आला. ‘रन थ्रू’ म्हणजे एकदा भरभर नजर फिरवणं. ‘रन डाउन’ बॅटरीबद्दल असेल तर ती उतरली, माणसाबद्दल असेल तर त्याला नावं ठेवली. बाकीचे भेटतील तसे शिका.

वहीत काय लिहायचं

‘रन = धावणे, चालणे, वाहणे, संपणे’ अशी ओळ लिहू नका. ती आठवत नाही आणि आठवली तरी बोलताना उपयोगी पडत नाही. पूर्ण वाक्य लिहा आणि त्याच्यासमोर, आपण घरी बोलतो तसं मराठी वाक्य लिहा. रूपांकडेही लक्ष ठेवा: रन, रॅन, रन. तिसरं रूप पहिल्यासारखंच आहे, त्यामुळे ‘हॅज रॅन’ चूक आणि ‘हॅज रन’ बरोबर. चांगल्या शिकलेल्यांच्या लिहिण्यातही ही चूक सापडते.

कोश निवडताना वर सांगितलेला मोठा ऑक्सफर्ड बाजूला ठेवा. तो शब्दाचा इतिहास सांगतो, अर्थही कालक्रमाने लावतो. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे असतात. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये तिथेच निघाला आणि पुढे ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जगभर गेला. १९८७ चा कोबिल्ड कोश तर अर्थच पूर्ण वाक्यात सांगतो, त्यामुळे कर्ता आणि कर्म आपोआप डोळ्यांसमोर येतात. ‘रन’सारख्या शब्दासाठी मी कोबिल्डच सुचवेन. एका बैठकीत पूर्ण नोंद वाचायची नाही. अडलेलं वाक्य घेऊन जा, जुळणारा अर्थ शोधा आणि कोश मिटा.

उलट्या बाजूने तपासा

शेवटी मराठीतून इंग्रजीत जाऊन पाहा, कारण ‘चालणे’ आणि ‘धावणे’ दर वेळी ‘रन’कडे नेत नाहीत. ‘उद्या आलात तरी चालेल’ याचं इंग्रजी ‘टुमॉरो इज फाइन’. शेजारी मदतीला धावून आले, तिथे ‘रॅन’पेक्षा ‘रश्ड’ शोभतं. ‘डोकं चालत नाही’ यासाठी ‘आय कान्ट थिंक’. वहीच्या मागच्या पानावर अशी वाक्यं गोळा करा आणि प्रत्येकासमोर इंग्रजीत खरोखर काय म्हणतात ते लिहून ठेवा.