पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलताना

पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क बदलणं हे तसं अवघड काम नाही. एका बाजूला चार बोल्ट, दोन पॅड, एक डिस्क. दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. तरी नवे पार्ट टाकूनही महिन्या-दोन महिन्यांत स्टिअरिंग थरथरतं, कुईकुई आवाज येतो किंवा एकच चाक तापतं, अशा तक्रारी येतातच. बहुतेक वेळा दोष पार्टचा नसतो, साफसफाईत केलेल्या आळसाचा असतो. ठाण्या-नवी मुंबईत चार महिने पाऊस आणि खाडीकाठची खारी, दमट हवा. हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) धरणारं ब्रॅकेट, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, सगळीकडे गंज धरलेला असतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ हातात वायर ब्रश असणार हे धरूनच बसा. पहिलीच वेळ असेल तर दोन्ही बाजू मिळून अर्धा दिवस मोकळा ठेवा.

बदलायची वेळ झाली आहे का

पॅडवरचं घासणारं मटेरियल नवं असताना साधारण १० मिलिमीटर जाड असतं. ते ३ वर आलं की बदलायचं. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बऱ्याचदा आधी संपतो, म्हणून चाक काढल्याशिवाय निकाल देऊ नका. चालत्या गाडीत बारीक, सलग किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पॅडला लावलेली इशाऱ्याची पत्ती डिस्कला टेकली आहे. ब्रेक दाबल्यावर करकर येत असेल तर मटेरियल संपून लोखंडावर लोखंड घासतंय. मग डिस्कही गेलीच समजा.

डिस्क बीडाची असते. रात्रभर पाऊस लागला की सकाळी तिच्यावर तांबूस थर दिसतो. तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्यासाठी डिस्क बदलायची नसते. बघायचं ते वेगळंच: नखाला अडकणाऱ्या खोल रेघा, आतल्या बाजूला गंजाने पडलेले खड्डे, आणि जाडी. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो, ‘एमआयएन टीएच’ अशा अक्षरांपुढे. व्हर्नियरने मोजताना एक गोम आहे. डिस्कच्या कडेला न घासलेला काठ उभा राहतो आणि माप त्या काठाचं येतं. दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा, म्हणजे खरा आकडा मिळेल.

पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदलायच्या. एकच बाजू बदलली तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

सामान

पार्ट मागताना नुसतं गाडीचं नाव आणि वर्ष सांगू नका, चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटना वेगवेगळ्या व्यासाच्या डिस्क असतात, आणि ते दुकानात नाही तर चाक काढल्यावर कळतं. कंपनीच्या डीलरकडे मिळतंच. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात पर्याय जास्त, पण तिथे पक्कं बिल घ्या आणि खोक्यावरचा पार्ट नंबर जुळवून बघा. पॅडसोबत नव्या क्लिपा (ब्रॅकेटच्या खाचेत पॅड ज्यांवर सरकतो त्या पातळ पत्त्या) येत नसतील तर त्या वेगळ्या घ्या. जुन्या क्लिपा वापरून वाचणारे पैसे नंतर आवाजात जातात.

हत्यारांत हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, गोटी पाना सेट (१२, १३, १४ आणि १७ नंबरच्या गोट्या बहुतेक गाड्यांना पुरतात), चाकाच्या नटाची गोटी, सी क्लॅम्प, वायर ब्रश, एमरी पेपर, कानस, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, मास्क आणि हातमोजे. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) हवाच. विकत घ्यायचा नसेल तर कुणाकडून मागून आणा. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत यातलं बहुतेक सगळं एका फेरीत होतं.

साधं ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डब्ल्यूडी-४० ब्रेकच्या रबराजवळ नेऊ नका. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि पिना जाम होतात.

जागा

स्टिल्ट किंवा पोडियमचा सपाट काँक्रीटचा भाग उत्तम. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर वजन आलं की ब्लॉक खचतो. मेकॅनिकल पार्किंगच्या पाळण्यावर गाडी जॅकवर घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. रस्त्याच्या कडेला पार्किंग असलेल्या जुन्या सेक्टरांतही नको. कडेला उतार असतो आणि मागून रिक्षा येत असते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. मग जॅक, मग स्टँड. गाडीसोबत आलेला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. स्टँडवर घेतल्यावर गाडी हाताने हलवून बघा. आत्ता हलली तर बरं, नंतर नको.

खोलणं

एका वेळी एकच बाजू खोला. क्लिप कुठल्या बाजूने बसते हा प्रश्न पडला की दुसरी बाजू उत्तर द्यायला तयार असते.

कॅलिपर बाहेरच्या अंगाला येईल असं स्टिअरिंग वळवलं की कॅलिपरचे मागचे बोल्ट समोर येतात. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याची पातळी बघा. पॅड झिजत गेल्यावर कुणी वरून ऑइल भरलं असेल तर कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना ते बाहेर सांडतं आणि रंग खातं. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या, डब्याभोवती कापड गुंडाळा. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी.

स्लायडर पिनचे दोन बोल्ट काढायचे. बोल्टबरोबर पिनही फिरू लागली तर तिची चपटी बाजू पातळ पान्याने धरा. कॅलिपर सुटला की तो सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने टांगा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मग ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट. हे घट्ट असतात. लांब दांडा वापरा, पण गोटी नीट बसवूनच. पूर्ण न बसलेली गोटी बोल्टचं डोकं गोल करते आणि मग काम मेकॅनिककडेच जातं.

डिस्क हबला गंजाने चिकटलेली असते. काही गाड्यांत ती एक-दोन चपट्या स्क्रूंनीही धरलेली असते. ते हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने सुटत नाहीत, ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. बऱ्याच डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बहुतेक वेळा ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. दोन्ही आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेलं की डिस्क आपोआप बाहेर येते. भोकं नसतील तर स्टडांच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या खुंट्यांच्या) मधल्या जागेवर हातोडीने ठोकायचं, डिस्क फिरवत फिरवत. बेभान ठोकू नका, मागे बेअरिंग आहे.

खरं काम

डिस्क निघाली की हबचा उघडा चेहरा बघा. त्यावर गंजाचे पोपडे असतात, विशेषतः स्टडांच्या मुळाशी. हे सगळं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं. कारण असं की हबवर राहिलेला कागदाएवढा पोपडा डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाढलेला डगमग बनून येतो. डिस्क प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी हलका स्पर्श करते आणि तिथे थोडी जास्त झिजते. काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजागी वेगळी होते आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. ती वाकलेली नसते, कमी-जास्त झिजलेली असते, आणि सुरुवात हबवरच्या गंजापासून झालेली असते.

नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो; दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने धुऊन स्वच्छ कापडाने पुसा आणि घासणाऱ्या भागाला बोट लावू नका. डिस्क बसवून दोन नट वॉशरसह हाताने आवळा आणि फिरवून बघा. डायल गेज असेल तर डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत आली म्हणजे छान. जास्त आली तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून बसवा, कमी होते का बघा.

आता ब्रॅकेट. जुन्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज फुगलेला असतो आणि तोच पॅडचे कान (खाचेत बसणारी दोन्ही टोकं) आवळून धरतो. कानस आणि वायर ब्रशने ती खाच मूळ धातूपर्यंत साफ करा. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर खाच पुन्हा साफ करा. पॅडचे कान घासत बसू नका.

पिना बाहेर काढून जुनं, काळं ग्रीस पुसा. वरची आणि खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, एकीवर रबरी बुश असतो. अदलाबदल करू नका. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भोक ग्रीसने भरून ठेवलं तर हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. रबरी बूट फाटला असेल तर तोही बदला, नाहीतर एका पावसाळ्यात पिन पुन्हा जाम.

काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाईपने उडवू नका. क्लीनरने भिजवून कापडाने टिपा.

जोडणं

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे न्या. पिस्टनभोवती ओल दिसली किंवा त्याचं रबर फाटलं असेल तर काम इथेच थांबवा. कॅलिपर दुरुस्त केल्याशिवाय नवे पॅड टाकण्यात अर्थ नाही.

इशाऱ्याची पत्ती असलेला पॅड बहुधा आत, पिस्टनच्या बाजूला. पॅडच्या पाठीवर आणि कानांवर किंचित ब्रेक ग्रीस, समोरच्या बाजूला अजिबात नाही. ब्रॅकेटचे बोल्ट अनेक छोट्या गाड्यांत ८० ते ११० न्यूटन मीटर, पिनचे २५ ते ३५, चाकाचे नट ८५ ते १२० च्या आसपास असतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत आवळा. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनने एकेक नट ठोकून बसवला तर मेहनतीने सरळ बसवलेली डिस्क पुन्हा तिरकी होते.

इंजिन सुरू करण्याआधी

ब्रेक पेडल दाबा. पहिल्यांदा ते सरळ खाली जाईल, कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत. छोट्या छोट्या दाबांनी पंप करत राहा, पेडल कडक होईपर्यंत. हे विसरून गाडी मागे घेतली तर ती समोरच्याच्या गाडीवर जाऊन थांबते. मग ऑइलची पातळी बघा. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदलायला काढा. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारच्या कोरड्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलाव्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांची.

आधी पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगात दोन-चार ब्रेक. मग नवे पॅड डिस्कवर रुळवायला मोकळा रस्ता: सुटीच्या दिवशी पहाटे महापे-रबाळे एमआयडीसीतले आतले रस्ते चालतील. पाम बीच रोड मोह पाडतो, पण त्या वेळी तिथे धावणारे आणि सायकलवाले असतात, तिथे नको. ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने या, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट गाडी चालू द्या, असं आठ-दहा वेळा. थोडा वास येईल, ते ठीक. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न वापरता फिरा. डिस्क तापलेली असताना ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. पहिले २००-३०० किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. लगेच दुसऱ्या दिवशी माळशेजचा बेत नको.

वळताना किंवा चालताना सतत पत्रा घासल्याचा आवाज आला तर घाबरू नका, डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना डिस्ककडे वाकला असतो. हाताने डिस्कपासून दूर ओढा. १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि त्याच फेरीत दोन्ही पुढच्या चाकांजवळ, रिमला न टेकवता, हात धरून बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर त्या बाजूची पिन किंवा पॅडचा कान अजून अडकतोय. ती बाजू पुन्हा खोलून खाच साफ करावी लागेल.