भाचीला परदेशी नेताना विमानतळावर अडवलं: शेवटी चाललेली कागदपत्रं

भाचीचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं नीट, तरी चेक-इनला "आई-वडिलांची संमती दाखवा" म्हणून अडवलं. ताईचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चालला नाही, व्हिडिओ कॉल नाही, साध्या कागदावरचं सहीचं पत्रही नाही. पोर रडवेली झाली, फार जीव तुटला.

पुढच्या वेळी या क्रमाने केलं आणि सुटलो. आधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर अल्पवयीन मुलांचे नियम वाचले. मग संमतीपत्र: मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, माझं नाव, पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, जाण्यायेण्याच्या तारखा, आई-वडिलांचे फोन. आजारपणात उपचारांना परवानगी हेही त्यातच लिहिलं. सह्या दोघांच्याही, आणि नोटरीसमोरच. घरून सही करून नेऊ नका. सोबत दोघांच्या पासपोर्टच्या प्रती आणि जन्मदाखला. सही करणारे खरोखर तिचे आई-वडील आहेत, हे त्यावरूनच कळतं.

काही देशांत अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायचं सरकारी प्रमाणीकरण) किंवा भाषांतर लागतं, त्याला वेळ हाताशी ठेवा. एकच पालक असेल तर दुसऱ्याचा मृत्यूदाखला किंवा ताब्याचा न्यायालयीन आदेश जोडा. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनला माझ्याकडे तेच पुन्हा मागितले.