यूपीएसवर संगणकाची देखरेख: ‘नट’ ड्रायव्हर कसा बसवावा आणि कसा तपासावा

वीज गेल्यावर यूपीएस संगणक चालू ठेवतो. मात्र बॅटरी संपत आल्याचे संगणकाला कळण्याची सोय केलेली नसेल, तर संगणक अचानक बंद पडण्याचा क्षण काही मिनिटांनी लांबतो, एवढेच; चालू डेटाबेसचे आणि डिस्कवर अजून न उतरलेल्या माहितीचे नुकसान व्हायचे ते होतेच. लिनक्सवर ही सोय ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजेच ‘नट’, या मुक्त सॉफ्टवेअरने करता येते. यूपीएसशी प्रत्यक्ष संवाद साधणारा ड्रायव्हर, त्याच्याकडून मिळालेली माहिती इतरांना पुरवणारा ‘यूपीएसडी’ हा सर्व्हर आणि त्या माहितीवरून संगणक बंद करण्याचा निर्णय घेणारा ‘यूपीएसमॉन’ असे त्याचे तीन भाग आहेत. पडद्यावर आकडे दिसू लागले की काम झाले असे अनेकांना वाटते, पण वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईपर्यंतचा सगळा क्रम तपासल्याशिवाय या मांडणीवर विसंबू नये. या लेखात कमांड आणि फाईल यांची नावे देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती मूळ रोमन लिपीतच लिहावीत.

केबल आणि ड्रायव्हरची निवड

यूपीएस यूएसबीने जोडावयाचा असेल तर केबल लावून ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चालवावी. यादीत नवे उपकरण दिसले नाही, तर केबल फक्त चार्जिंगपुरती नाही ना, हे आधी पाहावे. सीरियल पोर्ट असेल तर अधिक सावध राहावे लागते, कारण काही यूपीएसच्या पोर्टची पिनरचना वेगळी असते आणि साधी सीरियल केबल लावताच यूपीएस आपला पुरवठा तोडू शकतो. अशा यूपीएसला निर्मात्याने नेमून दिलेलीच केबल वापरावी.

‘नट’ आपल्या लिनक्सच्या पॅकेज भांडारातून बसवावे आणि रूट, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने ‘नट-स्कॅनर’ चालवावा. तो बहुतेक वेळा योग्य ड्रायव्हर सुचवतो. यूएसबीच्या प्रमाणित एचआयडी पद्धतीने बोलणाऱ्या यूपीएससाठी ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’ हा ड्रायव्हर असतो, तर मेगाटेक किंवा क्यू१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या अनेक साध्या यूपीएससाठी ‘नटड्रव्ह_क्यूएक्स’ लागतो.

फाईलमधील नोंदी

‘नट’च्या फोल्डरमधील ‘यूपीएस.कॉन्फ’ या फाईलमध्ये चौकटी कंसात यूपीएसला एक छोटे नाव द्यावे आणि त्याखाली ड्रायव्हरचे नाव व पोर्ट या दोन ओळी लिहाव्यात. यूएसबी असल्यास पोर्टपुढे ‘ऑटो’ एवढेच लिहितात. मग ‘यूपीएसड्रव्हसीटीएल स्टार्ट’ या कमांडने ड्रायव्हर सुरू करून पाहावा. परवानगी नसल्याची तक्रार आली, तर ड्रायव्हर रूटच्या नावाने चालवण्याचा मोह टाळावा. जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या ‘यूडेव्ह’ या लिनक्सच्या यंत्रणेचे नियम नव्याने वाचायला लावून केबल काढून पुन्हा लावली की ही अडचण बहुधा दूर होते.

पुढच्या नोंदी थोडक्यात आटोपतात. एकच संगणक असेल तर ‘नट.कॉन्फ’मध्ये मोड ‘स्टँडअलोन’ ठेवावा. ‘यूपीएसडी.यूझर्स’मध्ये एक वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करावा आणि ‘यूपीएसमॉन.कॉन्फ’मधील ‘मॉनिटर’च्या ओळीत यूपीएसचे नाव, १ हा आकडा, तोच वापरकर्ता, तोच पासवर्ड आणि शेवटी ‘प्रायमरी’ हा शब्द लिहावा, २.८ च्या आधीच्या आवृत्त्यांत या जागी ‘मास्टर’ लिहीत. या दोन्ही फाईलींमध्ये पासवर्ड उघड लिहिलेला असल्याने त्या केवळ रूट आणि ‘नट’ गटालाच वाचता येतील, अशी परवानगी ठेवावी.

आता सर्व्हर आणि मॉनिटर या सर्व्हिस सुरू करून ‘यूपीएससी’ ही कमांड यूपीएसच्या नावासह चालवावी. बॅटरीचा भरणा, उरलेला वेळ, भार आणि स्थिती यांची यादी समोर येते. स्थितीपुढे ‘ओएल’ असेल तर यूपीएस मुख्य विजेवर आहे, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर आहे आणि ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली आहे. ‘ओबी’ आणि ‘एलबी’ एकत्र आल्यावर ‘यूपीएसमॉन’ संगणक बंद करायला घेतो. बॅटरीवर असताना यूपीएसशी संपर्क तुटला, तर तीही आणीबाणीच समजली जाते, आणि हा नियम योग्यच आहे.

‘एलबी’चा इशारा वेळेवर मिळावा म्हणून

जुनी बॅटरी भार आल्यावर झपाट्याने ढासळते, त्यामुळे ‘एलबी’चा इशारा येईपर्यंत संगणक नीट बंद होण्याइतका वेळ उरलेला नसतो. शिवाय साधे यूपीएस टक्केवारी कळवतच नाहीत. ‘नटड्रव्ह_क्यूएक्स’ ती व्होल्टेजवरून अंदाजाने काढतो, तेव्हा त्या आकड्यावर जपूनच भरवसा ठेवावा. उपाय असा की ‘यूपीएस.कॉन्फ’मध्ये यूपीएसच्या स्वतःच्या ‘एलबी’ इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला सांगणारी ‘इग्नोरएलबी’ ही ओळ घालून ‘ओव्हरराइड.बॅटरी.चार्ज.लो’ला आपण ठरवलेली मर्यादा द्यावी. पहिल्या चाचणीसाठी ५० टक्के ही मर्यादा ठीक आहे; संगणक बंद व्हायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो हे मोजल्यावर ती खाली आणता येते.

बंद झाल्यावर पुन्हा सुरू होणे

समजा, संगणक व्यवस्थित बंद झाला, पण यूपीएसची बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली. यूपीएसने आपला पुरवठा एकदाही तोडला नाही, म्हणून संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, आणि कोणी बटण दाबेपर्यंत तो बंदच राहतो. हे टाळण्यासाठी संगणक बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला ‘थोड्या वेळाने पुरवठा तोड आणि वीज आल्यावर पुन्हा दे’ असा आदेश जावा लागतो. ‘यूपीएसमॉन.कॉन्फ’मधील ‘पॉवरडाउनफ्लॅग’ या ओळीत एका फाईलचा पत्ता द्यावा. ती फाईल दिसली की बंद होण्याच्या स्क्रिप्टमधून हा आदेश पाठवला जातो. पुरवठा किती सेकंदांनी तोडायचा हे ‘ऑफडीले’ ठरवतो; डिस्क पूर्ण थांबायला पुरेल एवढा तो ठेवावा, आणि ‘यूएसबीएचआयडी-यूपीएस’मध्ये ‘ऑनडीले’ त्याहून मोठा असावा. बायोसमध्येही वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी निवड करून ठेवावी.

चाचणी

पहिल्या चाचणीत संगणक थेट मुख्य विजेवर ठेवून यूपीएसला फक्त एक दिवा जोडावा. डेटा केबल मात्र संगणकालाच लावलेली असावी. सर्व कामे साठवून ‘यूपीएसमॉन -सी एफएसडी’ ही संगणक सक्तीने बंद करायला लावणारी कमांड द्यावी. संगणक बंद होऊन थोड्या वेळाने दिवा विझला आणि पुन्हा लागला, तर आदेश यूपीएसपर्यंत पोहोचतो हे सिद्ध झाले. त्यानंतर संगणक यूपीएसवर घेऊन खरी चाचणी करावी. यूपीएसचा प्लग उपटू नये, त्याने अर्थिंगही तुटते. यूपीएसला वीज देणाऱ्या सर्किटचा एमसीबी खाली करावा. ठरलेल्या मर्यादेला संगणक बंद होतो का, पुरवठा तुटतो का आणि एमसीबी वर केल्यावर संगणक आपोआप सुरू होतो का, या तीनही गोष्टी शेजारी बसून पाहाव्यात. बॅटरी बदलली किंवा यूपीएसवर नवे उपकरण चढवले की हीच चाचणी पुन्हा करावी.

त्याच यूपीएसवर आणखी संगणक असतील, तर केबल जोडलेल्या संगणकावर मोड ‘नेटसर्व्हर’ करून ‘यूपीएसडी.कॉन्फ’मध्ये सर्व्हरला त्या संगणकाच्या आयपी पत्त्यावर ऐकायला लावावे आणि पोर्ट ३४९३ फक्त अंतर्गत नेटवर्कपुरता उघडावा. बाकीच्या संगणकांवर ‘नेटक्लायंट’ आणि ‘सेकंडरी’ ही निवड करावी. ते आधी बंद होतात आणि मुख्य संगणक ‘होस्टसिंक’मध्ये दिलेला वेळ, मूळ मांडणीत १५ सेकंद, त्यांची वाट पाहतो. या संगणकांना जोडणारा नेटवर्क स्विचही यूपीएसवरच असावा, नाहीतर वीज जाताच तोच आधी बंद पडेल आणि बाकीच्यांपर्यंत निरोप पोहोचणारच नाही.