कमी खर्चात गाडीतील आवाज सुधारताना

गाडीतील आवाज सुधारण्यासाठी हाती मोजकेच पैसे असतील, तर नवा स्टिरिओ किंवा सबवूफर (बास म्हणजे खोल, जड आवाजासाठीचा वेगळा स्पीकर) घेण्याआधी पुढच्या दारांतील स्पीकर बदलावेत, कारण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा बहुतांश आवाज तेथूनच येतो. खोक्यावर ठळक छापलेल्या कमाल वॅटच्या आकड्याला भुलू नये. आरएमएस वॅट (स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद) आणि त्याहूनही संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो, हे सांगणारा डेसिबलचा आकडा) पाहावी. गाडीसोबत आलेल्या मूळ स्टिरिओची खरी ताकद प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या जोडणीला, साधारण १५ ते २० वॅट एवढीच असते आणि संवेदनशीलतेतील ३ डेसिबलची वाढ ही ताकद दुप्पट करण्याइतका परिणाम देते, म्हणून ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचा स्पीकर वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरविनाही समाधान देतो. इम्पीडन्स (स्पीकरचा विद्युत विरोध) मात्र स्टिरिओला चालणारा, बहुधा ४ ओहमचा, असावा. स्पीकर बदलताना दाराचे आतले आवरण काढलेलेच असल्याने बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे कंपनरोधक पट्टे चिकटवावेत, स्पीकरच्या कडेची फट फोमने बुजवावी. माझ्या मते एवढ्या थोड्या खर्चात बासमध्ये याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. तारा जोडताना दोन्ही बाजूंची धन-ऋण टोके जुळवून घ्यावीत, अन्यथा बास नाहीसा होतो. स्टिरिओत सोय असल्यास हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचे खोल आवाज स्पीकरकडे जाऊ न देणारी गाळणी) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा.