कूलर मंद फिरतो? ओहमचा नियम लावताना या चुका टाळा

होळी झाली की नागपुरात घरोघरी खिडकीला कूलर लागतात आणि त्याबरोबर तक्रारही येते: पंखा मंद फिरतो, सॉकेटमध्ये मात्र मल्टीमीटर पूर्ण २३० व्होल्ट दाखवतो, तेव्हा मोटारच बिघडली असावी. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण ते माप बहुधा कूलर बंद ठेवून घेतलेले असते.

जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, एखाद्या भागाच्या दोन टोकांमधले व्होल्टेज म्हणजे त्याच भागातून वाहणारा करंट गुणिले त्याच भागाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. सॉकेटमागचा स्क्रू सैल होऊन तिथे २० ओहम रोध तयार झाला, असे समजा. कूलर बंद असताना करंट जवळपास शून्य, म्हणून त्या जोडावर काहीच व्होल्टेज पडत नाही आणि मल्टीमीटर निर्धास्तपणे २३० दाखवतो. कूलरने १ अँपिअर करंट घेताच तिथे सुमारे २० व्होल्ट पडतात आणि २० वॉट उष्णता त्या चिमूटभर जागेत साठून प्लास्टिक वितळू लागते. म्हणून सॉकेटमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर कूलर चालवावा आणि बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजावे. कूलर सुरू होताच आकडा बराच घसरला, तर मेन स्विच बंद करून जोड वायरमनकडून तपासून घ्यावा.

काही जण लगेच जाड वायर आणतात. १ चौरस मिलिमीटरच्या २० मीटर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.७ ओहम असतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी तो ०.७६च्या आसपास राहतो. १ अँपिअरला जेमतेम पाऊण व्होल्ट खाणारी ही वायर दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

विद्यार्थ्यांची चूक निराळी असते. १०० वॉटच्या थंड बल्बचा रोध ४० ओहमच्या आसपास मोजून ते करंट ६ अँपिअरच्या घरात काढतात. प्रत्यक्षात तापलेल्या तंतूचा रोध ५२९ ओहम असतो आणि करंट जेमतेम ०.४३ अँपिअर. मोटारीच्या गुंडाळीचा मोजलेला रोधही असाच फसवतो, कारण घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर फिरणाऱ्या मोटारीचा करंट केवळ त्या रोधावर ठरत नाही.

रोध मोजताना पुरवठा तोडलेलाच हवा. मल्टीमीटर अँपिअरवर ठेवून सॉकेटमध्ये तर कधीही घालू नये: त्या स्थितीत त्याचा रोध नगण्य असतो आणि २३० व्होल्टवर तो थेट शॉर्टसर्किट करतो.