अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासावर लिहिताना या चुका टाळा

‘१७७६ साली अमेरिका स्वतंत्र झाली, राज्यघटना लागू झाली आणि वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले.’ उत्तरपत्रिकांमधलं हे लाडकं वाक्य तेरा वर्षं सरळ गिळून टाकतं. घटनेवर सह्या झाल्या १७ सप्टेंबर १७८७ला, आवश्यक नववी मंजुरी न्यू हॅम्पशायरने दिली २१ जून १७८८ला आणि वॉशिंग्टननी शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ला, तीही न्यूयॉर्कमध्ये. त्याआधीच्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. आयातीवर ५ टक्के जकात बसवायची म्हटलं तर १७८२मध्ये एकटं ऱ्होड आयलंड आडवं आलं, कारण राज्यांमधल्या तेव्हाच्या करारात दुरुस्ती करायला तेराही राज्यं राजी लागत. हा रिकामा खजिना वगळला की घटना लिहिणारी फिलाडेल्फियाची परिषद नुसती आदर्शांची सभा वाटते.

सर्वांत चिवट चूक तीन-पंचमांशाची. ‘दक्षिणेने गुलामाला तीन-पंचमांशच माणूस मानलं’ असं ठोकून दिलं जातं. प्रत्यक्षात दक्षिणेला गुलाम पूर्ण मोजून हवे होते. ते मोजूच नयेत, असं म्हणणारे उत्तरेचे होते. मतदानाचा हक्क गुलामांना नव्हताच. भांडण होतं प्रतिनिधिगृहातल्या जागांचं: त्या लोकसंख्येवर ठरणार होत्या, आणि तडजोड म्हणून दर पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायचं ठरलं.

गाइडमधल्या चार ओळी घोकण्यापेक्षा एकदा गणित मांडा. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियाची स्वतंत्र लोकसंख्या ४,५४,९८३, गुलाम २,९२,६२७. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र ४,३०,६३६, गुलाम ३,७३७. म्हणजे स्वतंत्र माणसं जवळपास सारखीच. आता व्हर्जिनियाच्या गुलामांचे तीन-पंचमांश, १,७५,५७६, मिळवा: ६,३०,५५९. दर ३३,००० माणसांमागे एक जागा, अपूर्णांक सोडून द्यायचा. व्हर्जिनियाला १९, पेनसिल्व्हेनियाला १३. गुलाम मोजलेच नसते तर व्हर्जिनियालाही १३च मिळाल्या असत्या. पूर्ण मोजले असते तर २२. राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतंही याच जागांवर ठरत (अधिक सिनेटच्या दोन), त्यामुळे हा फायदा थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचे. हा ३३,०००चा हिशेबही सुखासुखी ठरलेला नाही: जागावाटपाचं आधीचं विधेयक वॉशिंग्टननी एप्रिल १७९२मध्ये परत पाठवलं. अमेरिकेच्या इतिहासातला तो पहिला नकाराधिकार.

फ्रान्सकडचा लुइझियाना प्रदेश ‘दीड कोटी डॉलरला घेतला’ एवढ्यावर थांबू नका. त्यातले १ कोटी १२ लाख ५० हजार फ्रान्सला रोख्यांत मिळाले. उरलेले ३७ लाख ५० हजार म्हणजे अमेरिकी नागरिकांची फ्रान्सकडची येणी, जी वॉशिंग्टनच्या सरकारने अंगावर घेतली. वॉशिंग्टन म्हणजे इथे शहर. १८०३मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन होते, आणि घटनेत लिहिलंय तेवढंच सरकारने करावं म्हणणाऱ्या याच गृहस्थांना जमीनखरेदीचं कलम घटनेत सापडेना. घटनादुरुस्तीचा मसुदा त्यांनी केला, पण नेपोलियनचं मन बदलेल या धास्तीने बाजूला ठेवला. शिवाय विकत मिळाला तो फ्रान्सचा दावा. ओसेजांसारख्या तिथल्या मूळ रहिवाशांशी जमिनीचे करार नंतर वेगळे, बहुधा दबाव आणून, करावे लागले.

जेफरसन घटनेचे शिल्पकार नव्हेत. १७८७मध्ये ते पॅरिसला अमेरिकेचे राजदूत होते.

त्यांचा रिपब्लिकन पक्ष आणि आजचा एक नाही. आजचा १८५४चा.

युरोपने अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत, असं बजावणारा मन्रो सिद्धांत १८२३चा. त्यामागे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा मोठा हात होता.

आणि महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हा दाखला १७८७च्या उत्तरात घुसडू नका. ती १८७३ची गोष्ट, गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ची.