खाडीच्या मातीवर संशोधन करताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की एम.टेक.ची मुलं लॅबमध्ये धापा टाकत येतात. ‘सर, रिझल्ट जुळत नाहीयेत.’ विषय बहुधा ठरलेला, नवी मुंबईतली मरीन क्ले. वाशी घ्या, उलवे घ्या, खाडीकाठी वर मुरमाचा भराव आणि खाली मऊ काळी चिकणमाती. गणित सहसा बरोबर असतं. पण काटेकोरपणा नको तिथे केलेला असतो आणि हवा तिथे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

आकडा काटेकोर, गृहीतक वाऱ्यावर

भराव किती वर्षांत खचेल, हा नेहमीचा प्रश्न. भाराखाली मातीतलं पाणी हळूहळू निघून ती दबते, ते कन्सॉलिडेशन; ते मोजणाऱ्या टेस्टचा नमुना 20 मिमी जाडीचा. पाणी वरून आणि खालून निघतं, म्हणजे त्याची वाट जास्तीत जास्त 10 मिमी. तेर्झागीच्या कन्सॉलिडेशन सिद्धांतानुसार वेळ या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साइटवर 8 मीटरचा थर असेल आणि निचरा दोन्हीकडून होत असेल, तर वाट 4 मीटर, म्हणजे 400 पट. वेळ 1,60,000 पट. लॅबमध्ये निम्मं कन्सॉलिडेशन 10 मिनिटांत झालं, तर साइटवर सुमारे 3 वर्षं लागतील. पण खाली पाणी अडवणारा अखंड खडक असेल तर वाट 8 मीटर, आणि 3 ची 12 वर्षं होतात. उलट मातीत वाळूच्या बारीक पट्ट्या असतील, तर हाच काळ कितीतरी कमी.

मुलं काय करतात? टेस्टच्या आलेखावरून कन्सॉलिडेशनचा वेग काढायला कॅसाग्रांदेची पद्धत की टेलरची, यावर चार पानं लिहितात, त्याचा गुणांक दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत काढतात, आणि निचरा एकीकडून की दोन्हीकडून, हे सॉफ्टवेअर ठरवेल तसं! बोअर लॉग, म्हणजे बोअर घेताना लागलेल्या थरांची नोंद, पुन्हा वाचा. आपल्याकडचा बेसॉल्ट माथ्याला कुजलेला, भेगाळ असेल तर पाणी खालीही जाऊ शकतं. ट्यूबमधला एक नमुना उभा चिरा आणि थोडा सुकू द्या; अर्धवट सुकताना वाळूच्या पट्ट्या नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. एक नमुना वाया जातो म्हणून जीव तुटतो, तुटू द्या. तरीही खात्री नसेल तर थिसिसमध्ये दोन्ही उत्तरं छापा.

लिक्विड लिमिट अचानक कमी आलं?

लिक्विड लिमिट म्हणजे ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो. माती ओव्हनमध्ये वाळवली होती का, ते आधी विचारा. सेंद्रिय अंश असलेली माती 105 अंशांत वाळवली की तिचा स्वभावच बदलतो आणि लिक्विड लिमिट बरंच खाली येतं. अशी माती नैसर्गिक ओलाव्यातच तपासायची.

नकोसा आकडा खोडणं

हीच सवय काँक्रीटच्या टेस्टमध्येही दिसते. ताकद तपासायला तीन क्यूब मशीनमध्ये फोडले, आकडे आले 31, 33 आणि 24 (न्यूटन प्रति चौ. मिमी). ‘24 चा खराब होता’ म्हणत बाकी दोघांची सरासरी 32 लिहिली जाते. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 456) कोणताही क्यूब तिघांच्या सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त हटता कामा नये. इथे सरासरी 29.3 आणि 24 तिच्या 18 टक्के खाली. म्हणजे एक क्यूब नव्हे, अख्खी टेस्टच बाद. मग कारण शोधा. थापीने सारखी केलेली बाजू मशीनच्या प्लेटखाली गेली होती का? भार साच्याला टेकलेल्या बाजूंवरच द्यायचा असतो. फुटलेले तुकडे लगेच फेकू नका. चारही बाजू सारख्या सुटून मधे डमरूसारखा आकार उरला नसेल, तर क्यूब बसवण्यातच गडबड होती.

कधी कारण पाण्यात सापडतं. जुलैतल्या काँक्रीटच्या एका बॅचचं तेवढंच सांगतो. 700 किलो क्रश सँडमध्ये 5 टक्के मोकळं पाणी म्हणजे 35 लिटर. 400 किलो सिमेंटला 160 लिटर पाणी धरलं होतं, झालं 195. वॉटर-सिमेंट रेशो 0.40 वरून 0.49 वर. ठाण्याच्या पावसात ताडपत्रीखालची वाळूसुद्धा रोज तपासावी लागते.

‘अनुभवाने सांगतो’

ही चूक मुलांची कमी, आम्हा थोरांची जास्त. मीही केली आहे. रिझल्ट आल्यावर सुचलेल्या अनुभवाला मी सबब म्हणतो. भू-तंत्र अभियंते राल्फ पेक यांनी 1969 च्या रँकिन व्याख्यानात निरीक्षण पद्धत, म्हणजे काम चालू असताना मोजमापं घेत आराखडा सुधारत जाणं, मांडली; तिची अट कडक होती. काय घडेल, काय मोजायचं आणि मोजमाप वेगळं आलं तर काय करायचं, हे सगळं काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. तुमच्या वहीतही तारखेसकट लिहा, ‘तीन महिन्यांत इतके मिमी खचेल असं वाटतं, कारण अमुक.’

आणि भराव किती खचला हे मोजायला पुरलेल्या सेटलमेंट प्लेटचं (तिला वर येणारा पाइप जोडलेला असतो) वाचन एका रात्रीत उसळलं, तर नवा सिद्धांत मांडण्याआधी साइटची डायरी उघडा. बऱ्याचदा डंपरने पाइप वाकवलेला असतो.